द गेम अवॉर्ड्‌स २०२४ : मत आपले, कौल दुसऱ्यांचा

लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरमध्ये १२ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी सुरू झालेला, व्हिडिओ गेमना दरवर्षी पुरस्कार देणारा ‘द गेम अवॉर्ड्‌स’चा सोहळा आपल्याकडे १३ तारखेच्या पहाटे सहाला यूट्यूबवर दिसू लागला. चहाचा कप हातात घेऊन मी टीव्हीसमोर बसलो तेव्हा माझा भाचा आधीच तिथे ठाण मांडून होता, कारण त्याने या सोहळ्यासाठी मतदान केले होते आणि आपल्या मताचे काय होते ते त्याला पाहायचे होते. साडेतीन तासांहून अधिक चाललेल्या या कार्यक्रमाचे परीक्षण मी त्याच प्रश्नाच्या अंगाने करणार आहे.

गेम पत्रकार जेफ केली यांनी २०१४ मध्ये हा सोहळा सुरू केला. त्यापूर्वी अमेरिकेत स्पाइक या केबल वाहिनीवर असाच एक पुरस्कार सोहळा होत असे आणि केली त्याच्याशीही निगडित होते. मात्र नवा सोहळा उभारताना त्यांनी स्वतःचे पैसे घातले आणि वाहिनीवर विसंबून न राहता थेट इंटरनेटवरून प्रक्षेपणाचा मार्ग धरला. त्यामुळे जगभर तो फुकट पाहता येतो. मतदान करायलाही पैसे पडत नाहीत. संकेतस्थळावर खाते उघडून लॉगिन केले की झाले.

मतदानाच्या पानावर प्रत्येक गेमचे चित्र ठळक दिसते आणि त्यावर टिचकी मारली की आपण काहीतरी ठरवले असे समाधान मिळते. प्रत्यक्षात बहुतेक सर्व विभागांत ९० टक्के वजन परीक्षक मंडळाच्या मतांना असते. जगभरातील शंभराहून अधिक प्रसारमाध्यमे या मंडळात आहेत. उरलेले १० टक्के वजन तुमच्या-आमच्या मतांचे. म्हणजे लाखो चाहत्यांनी एकमुखाने एकाच गेमला कौल दिला आणि परीक्षकांचा स्पष्ट कल दुसरीकडे असला, तर चाहत्यांचा आवाज निकालापर्यंत पोहोचतच नाही. ही गोष्ट आयोजकांनी लपवलेली नाही, नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. पण मतदानाचे आवाहन ज्या उत्साहाने केले जाते त्या उत्साहाने हा आकडा कोणी सांगत नाही. भाच्याला तो मी सांगितला, तेव्हा त्याचा चेहरा पडला.

यंदाचा निकाल या गणिताचे उत्तम उदाहरण ठरला. लंडनच्या ‘गोल्डन जॉयस्टिक’ पुरस्कारांत, जिथे वर्षातील सर्वोत्तम गेम जनतेच्या मतांवर ठरतो, नोव्हेंबरमध्ये ‘ब्लॅक मिथ : वूकाँग’ या चिनी गेमने बाजी मारली होती. लॉस एंजेलिसमध्ये मात्र सर्वोच्च पुरस्कार टीम असोबी या जपानी स्टुडिओच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ला मिळाला. ‘वूकाँग’ला सर्वोत्तम अ‍ॅक्शन गेमचा आणि ‘प्लेअर्स व्हॉइस’ हा पुरस्कार मिळाला. यातला दुसरा पुरस्कार हीच या सोहळ्यातील पूर्णपणे चाहत्यांच्या मतांवर ठरणारी जागा. तीस गेमपासून सुरुवात होऊन तीन फेऱ्यांत चाळणी होते आणि शेवटी पाच उरतात.

या चाहतेशाहीबद्दल माझा फार भाबडा समज नाही. २०२२ मध्ये याच विभागात ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ आणि ‘सॉनिक फ्रंटिअर्स’ यांच्या चाहत्यांत जुंपली होती आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांवर बॉट, म्हणजे आपोआप मते टाकणारे प्रोग्राम, वापरून मते फुगवल्याचे आरोप केले होते. ‘गेन्शिन’च्या खेळाडूंना तर आदल्या वर्षी पुरस्कार मिळाल्यावर गेममधील रत्ने भेट मिळाली होती, त्यामुळे आपला गेम जिंकावा यात त्यांचा रोकडा स्वार्थ होता. उलट ‘बलाट्रो’चे पाहा. पोकरच्या पत्त्यांवर बेतलेला, लोकलथंक या टोपणनावाने वावरणाऱ्या एकट्या माणसाने रचलेला हा गेम सर्वोच्च पुरस्काराच्या सहा नामांकनांत पोहोचला आणि तीन पुरस्कार घेऊन गेला. ज्या गेममागे चाहत्यांची फौज नाही त्याला असे स्थान परीक्षकांमुळेच मिळते. तेव्हा ९० टक्क्यांची बाजू मला पटते. ती पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवावी एवढीच माझी मागणी आहे.

ई-स्पोर्ट्‌स म्हणजे व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धा, त्यांच्या वाट्याला आलेली वागणूक मात्र खटकली. सोल शहरातला फेकर हा खेळाडू नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ओ-टू अरीनात टी-वन संघाला ३-२ असा विजय मिळवून देऊन ‘लीग ऑफ लेजंड्‌स’चे पाचवे विश्वविजेतेपद जिंकतो आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरतो, या सोहळ्यात त्याला, त्याच्या संघाला आणि त्या गेमला असे तिन्ही पुरस्कार मिळतात, पण ते घाईघाईने उरकले जातात. एवढ्या वेळेत आमच्याकडे गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धेत चषकाला हातही लागत नाही. वेळ वाचतो तो ट्रेलरसाठी. ‘द विचर ४’ आणि नॉटी डॉग या स्टुडिओचा ‘इंटरगॅलॅक्टिक’ या नव्या गेमची पहिली झलक पाहायला मिळाली, हे खरे, आणि त्यात मीही रमलो. पण विजेत्यांना बोलायला मिळणारा वेळ आणि जाहिरातवजा ट्रेलरना मिळणारा वेळ यांचे प्रमाण पाहिले की हा पुरस्कार सोहळा आहे की नव्या मालाची पेठ, असा प्रश्न पडतो.

तरीही दोन प्रसंग पुन्हा पाहावेत असे आहेत. पहिला स्वेन विंके यांच्या भाषणाचा. आदल्या वर्षी ‘बाल्डर्स गेट ३’साठी हाच पुरस्कार जिंकलेले विंके सर्वोच्च पुरस्कार जाहीर करण्यापूर्वी उभे राहिले आणि आपल्याच उद्योगाला चार खडे बोल सुनावून गेले, कर्मचाऱ्यांना ताळेबंदातले आकडे समजू नका, हा त्यांचा रोख होता. दुसरा, संगीतकार लॉर्न बॅल्फ यांच्या वाद्यवृंदाने सहाही नामांकित गेमच्या संगीताची केलेली गुंफण. ती सुरू झाली तेव्हा भाच्याने मोबाइल बाजूला ठेवला.

पुढच्या वेळी पहाटेचा गजर लावण्याऐवजी मी हे असे तुकडे न्याहारीनंतर निवडून पाहीन. मत देणार असाल, तर ‘प्लेअर्स व्हॉइस’च्या तिन्ही फेऱ्यांत द्या. भाच्याने यंदा तिथे ‘वूकाँग’ला दिले होते, आणि त्याचे तेवढेच एक मत विजयी ठरले.