नऊ महिन्यांनंतर: पीसीचे पार्ट एकमेकांशी जुळले, घरच्या लाईनशी जुळायला वेळ लागला

जानेवारी २०२५ मध्ये कापूस विकून मोकळे झालो आणि घरी डेस्कटॉप जोडून घ्यायचं ठरलं. मुलगी बीएस्सीला आहे, तिला प्रोग्रामिंगसाठी हवा होता. बायकोकडे बचत गटाचा हिशोब असतो आणि मला सातबारा, पीक विमा यांसाठी सारखं कोणाच्या तरी दुकानात रांग लावावी लागायची. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. एसटीने नागपूरला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून पक्की यादी करून निघालो होतो. तरी तिथल्या सीताबर्डीच्या बाजाराच्या तीन फेऱ्या झाल्या. त्या का झाल्या ते सविस्तर लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाचे तेवढे दिवस वाचतील.

आधी काय घेतलं ते सांगतो: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड), ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, फाइली साठवायला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस (घरच्या लाईनवरून पीसीला वीज देणारा डबा) आणि साधा मायक्रो एटीएक्स कॅबिनेट. मॉनिटर सोडून २८ हजारांच्या आसपास खर्च आला. निम्म्या किमतीत ऑफिसमधून निघालेले जुने पीसी मिळत होते, पण ते इंटेलच्या सहाव्या पिढीचे. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. म्हणून तो विचार सोडला.

५६००जी घेतला तो त्या शेवटच्या ‘जी’ साठी. या प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स असतं, वेगळं कार्ड लागत नाही. नुसता ५६०० घेतला तर बोर्डावर एचडीएमआय असूनही स्क्रीनवर काही येत नाही. इंटेलमध्ये नावामागे ‘एफ’ असेल तर तीच गत. एका अक्षराने किंमत थोडी उतरते आणि माणूस तिथेच फसतो.

पहिल्या फेरीत सगळं घरी आणून जोडलं. पंखा फिरला, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी. मुलगी म्हणाली, “बाबा, रॅम नीट बसली नसेल.” रॅम काढून घातली, एकेक करून पाहिली, काही फरक नाही. कारण वेगळंच होतं. प्रोसेसर ज्यात बसतो तो एएम४ सॉकेट २०१६ पासूनचा. बी४५० बोर्ड २०१८ मध्ये आला, ५६००जी २०२१ मध्ये. आमचा बोर्ड दुकानात बराच काळ पडून असलेला, त्याच्या बायोसला, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरला, हा प्रोसेसर माहीतच नव्हता. घेताना मी विचारलं होतं, तर उत्तर मिळालं, “चालते भाऊ, सॉकेट एकच आहे.” सॉकेट एकच होता हे खरं, पण पिना बसल्या म्हणजे बोर्ड प्रोसेसरला ओळखेलच असं नाही. दुसऱ्या फेरीत दुकानदाराने जुना प्रोसेसर लावून बायोस अपडेट करून दिला. दहा मिनिटांचं काम, माझा दिवस गेला. म्हणून बोर्ड आणि प्रोसेसर दुकानातच जोडून, स्क्रीनवर बायोसचं पान दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. घाई असली तरी नाही.

रॅमबद्दल दोन गोष्टी. डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. आणि १६ ची एक घेण्याऐवजी ८ च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन असल्या की त्याला दोन वाटा मिळतात. आधी एकाच रॅमवर चालवून पाहिलं होतं, फरक डोळ्यांना दिसला. एसएसडी घेताना एम.२ म्हणजे नुसता आकार हे लक्षात ठेवा. त्याच आकारात साटावाली, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, साधारण ५५० एमबी प्रतिसेकंदाला अडकते, एनव्हीएमई तिच्या कितीतरी पुढे जाते. एनव्हीएमई ज्या पीसीआयई जोडणीवर चालते तिच्या ३.० पिढीपर्यंतच ५६००जी जातो, त्यामुळे महागडी जेन ४ (चौथ्या पिढीची) एसएसडी घेऊन उपयोग नाही.

तिसरी फेरी एसएमपीएसमुळे झाली.

आमचं घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर. संध्याकाळी गावभर नळाच्या मोटारी आणि कूलर सुरू झाले की लाईनचं व्होल्टेज पडतं. मार्चमध्ये सात वाजता मल्टिमीटर लावला, १७२ व्होल्ट. त्या वेळेला पीसी आपोआप बंद व्हायचा. एसएमपीएसच्या बाजूचं स्टिकर तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. इनपुटसमोर लिहिलं होतं २००-२४० व्होल्ट. वॅट बघून घेतला होता, ही ओळ कोणी बघितलीच नव्हती. घरी इन्व्हर्टर आहे, साइन वेव्हवाला. त्याच्या मागे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल. यूपीएसवर ठेवलं तर लाईन १८० च्या खाली गेली की तो सरळ बॅटरीवर जातो, म्हणजे लाईन असूनही बॅटरी खर्ची पडते. दोन दिवस तसं करून पाहिलं, रात्री नऊपर्यंत बॅटरी संपायची आणि मग खरंच लाईन गेली की पंखाही बंद. नॉर्मलवर ठेवलं तर कमी व्होल्टेज जसंच्या तसं पीसीपर्यंत पोचायचं.

शेवटी १००-२४० व्होल्ट लिहिलेला ४५० वॅटचा एसएमपीएस आणला आणि इन्व्हर्टर कायमचा नॉर्मलवर ठेवला. नॉर्मलवर लाईन गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर थोडा जास्त वेळ घेतो, तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होईल अशी भीती होती. पण आमचा पीसी साध्या कामाला ६०-७० वॅटच घेतो. एवढ्या कमी लोडवर मोठ्या एसएमपीएसच्या कपॅसिटरमधली साठवण जास्त वेळ पुरते. तेव्हापासून तीन-चारदाच बंद पडला असेल. घरी चौकोनी वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर मात्र हा भरवसा धरू नका, आताच्या बऱ्याच एसएमपीएसना तो मानवत नाही.

अर्थिंग हा आमच्या सगळ्यांच्याच घरचा दुबळा भाग. कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मी पार्ट खराब समजलो होतो. वायरमन आला, तीन पिनच्या सॉकेटचं झाकण उघडून दाखवलं, तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. “भाऊ, भोक आहे, अर्थिंग नाही.” अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ भरून रॉड पुरला, त्यापासून वायर स्विचबोर्डापर्यंत आणली. झिणझिण्या त्याच दिवशी थांबल्या.

उन्हाळा हीच खरी परीक्षा होती. नवतपात पत्र्याच्या खोलीत दुपारी काम केलं की प्रोसेसर ८८ अंशांपर्यंत जायचा. ५६००जी ची मर्यादा ९५. त्यावर प्रोसेसरसोबत आलेलाच कूलर आहे, दुसरा घेतला नाही. बायोसमध्ये ६५ वॅटऐवजी ४५ वॅटचं सेटिंग केलं, तापमान ७५ च्या आसपास आलं. हिशोबाच्या आणि कोडच्या कामात वेग कमी झाल्याचं जाणवलं नाही. एक चूक आम्ही केली ती सांगतो. खोलीतल्या वुडवूलच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर येईल असा ठेवला होता, पीसीला गारवा मिळावा म्हणून. महिनाभराने झाकण उघडलं तर ओलसर हवेने धूळ आणि कापसाचे तंतू पंख्याच्या पात्यांवर लेपासारखे बसले होते, ब्रशने निघेना. आता झोत दुसऱ्या भिंतीकडे आहे आणि दर महिन्याला झाकण उघडून कोरडा ब्रश फिरवतो.

मुलीचं काम त्यावर रोज चालतं, बायकोने गटाचे तीन वर्षांचे हिशोब त्यात चढवले. आवाज आणि वेग याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कॅबिनेट मात्र पुन्हा घेतला तर पुढून जाळीवाला घेईन, याला समोरून हवा कमी मिळते.

परवा शेजारचा मुलगा यादी घेऊन आला. त्यात आय३-१२१००एफ लिहिलेला होता, वेगळं ग्राफिक्स कार्ड यादीत कुठेच नाही. ‘एफ’ भोवती पेनाने गोल काढून दिला. मग एसएमपीएस कोणता घेऊ म्हणाला, तेव्हा मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी सात वाजता त्याच्या घरी गेलो.