८ इंची सामायिक डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण), एक हंगाम वापरल्यावर: आरसा झकास, घोडं अडतं ते सेलवर

आकडे सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून एकदाच सांगतो. २०३ मिमी आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर म्हणजे एफ/६, सोबत २५ आणि १० मिमीच्या प्लॉसल जातीच्या नेत्रिका (डोळा लावायची भिंगं), रेड डॉट फाइंडर (नळी कुठे रोखली ते काचेवरच्या लाल ठिपक्याने दाखवणारा) आणि लॅमिनेट लावलेल्या पार्टिकल बोर्डाचा बेस. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव आणि धुळ्यातल्या आम्ही काही जणांनी भिशीसारखी वर्गणी काढून ही दुर्बीण घेतली. दिवाळीपासून ती पाळीपाळीने घरोघरी फिरते आहे.

लिहायचं निमित्त ताजं आहे. फाइंडरचा स्विच गेला. विक्रेत्याचं म्हणणं, हमी फक्त बिलावर नाव असलेल्यालाच, आणि तीही अख्खा फाइंडर स्वखर्चाने कुरियर केल्यावर. बिल एकाच्या नावावर, दुर्बीण दुसऱ्याच्या घरी, सही तिसऱ्याची. यात तीन आठवडे गेले आणि एक अमावस्या हातची गेली. सामायिक खरेदी करणाऱ्यांनी बिलावरचं नाव आधी ठरवावं. तक्रार, कुरियर आणि फोन सगळं त्याच माणसाने करायचं, हेही वर्गणी काढतानाच कागदावर लिहून घ्यावं.

आता त्या फाइंडरबद्दल. एवढ्या चांगल्या आरशावर कंपनीने आपोआप बंद न होणारा दिवा का बसवावा, हे मला अजून कळलेलं नाही. डायल शून्यावर 'टक्' करून बंद होतो. पण रात्री आपण ठिपका अगदी मंद ठेवतो आणि तो फक्त काचेच्या बरोबर मागे डोळा नेला तरच दिसतो. आवरताना टॉर्चच्या उजेडात तो चालू आहे की बंद, हे बाजूने कोणालाच कळत नाही. आत सीआर२०३२ सेल असतो, सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांचा. दिव्याने ५ मिलिअँपिअर ओढले तर हिशेबाने ४४ तास. म्हणजे शनिवारी मध्यरात्री चालू राहिलेला ठिपका सोमवारी रात्री विझलेला. पुढच्या शनिवारी दुर्बीण पुढच्याच्या मळ्यात पोचते आणि तिथे सेल मेलेला. सेल वीस-तीस रुपयांचा, पण मळ्याजवळच्या फाट्यावर रात्री नऊ वाजता तो मिळत नाही.

स्वतःच्या एकट्याच्या दुर्बिणीत ही किरकोळ गोष्ट ठरते. सामायिक दुर्बिणीत चूक एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, म्हणून ती किरकोळ राहत नाही. २५ मिमी नेत्रिका ४८ पट मोठं दाखवते आणि तिच्यात आकाशाचा जेमतेम एक अंश मावतो, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी. फाइंडरशिवाय त्या एका अंशात काही सापडवणं नवख्याला जमत नाही. तो अर्धा तास नळी फिरवतो आणि दुर्बीणच बिघडली म्हणतो.

आमच्याकडे शेवटी चाललेले उपाय असे. आवरताना डायल बंद करणं पुरेसं नाही, सेल बाहेर काढायचा आणि नेत्रिकांच्या डब्यात ठेवायचा. सेल काढायचा नसेल तर सेल आणि पत्रीच्या मध्ये दुधाच्या पिशवीची पट्टी सरकवायची, टोक बाहेर लोंबतं ठेवायचं. डब्यात एक जादा सेल नेहमी असलाच पाहिजे, जो तो वापरेल त्याने दुसरा आणून द्यायचा. आणि सेल मेलाच, तर आमची नळी लोखंडी पत्र्याची असल्याने चुंबकवाला डिजिटल कोनमापक तिच्यावर चिकटवतो. मोबाइलवर स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या अ‍ॅपमध्ये ताऱ्याची उंची बघायची, कोनमापकावर तेवढी आणायची, मग फक्त डावी-उजवी शोधाशोध उरते. बेस मात्र आधी सपाट ठेवलेला हवा, नाहीतर दिशा बदलली की आकडा चुकतो.

फाइंडरऐवजी हिरव्या लेझरचा सल्ला बरेच जण देतात. तो नको. जळगावला विमानतळ आहे, आणि गावातल्या पोरांच्या हातात तो कधी जाईल सांगता येत नाही.

संक्रांतीपर्यंत माझं ठाम मत होतं की रेड डॉट काढून ९×५० चा ऑप्टिकल फाइंडर (९ पट दाखवणारी, ५० मिमी भिंगाची छोटी दुर्बीण) लावावा आणि विषय संपवावा. एका सभासदाकडे जुना पडून होता, तो लावून पाहिला. मत निम्मं बदललं. शहरात ९×५० शिवाय गत्यंतर नाही. जळगावच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना इतके कमी तारे दिसतात की ठिपका ठेवायचा कशावर, हाच प्रश्न पडतो. सातपुड्याच्या बाजूला, यावल-पालच्या पुढे किंवा तोरणमाळला, रेड डॉट कितीतरी सुटसुटीत. तिथे तारकासमूह अख्खा दिसतो, ठिपका नेमक्या जागी ठेवता येतो, आणि नवख्याला उलट्या चित्राशी झगडावं लागत नाही. आता दोन्ही नळीवर आहेत. ९×५० च्या वजनाने नळीचं तोंड जड होतं आणि क्षितिजाजवळ नेली की ती आपोआप खाली झुकते. त्यावर उपाय म्हणजे भंगारातल्या स्पीकरची दोन चुंबकं, फडक्यात गुंडाळून नळीच्या मागच्या टोकाला चिकटवलेली. पुढे-मागे सरकवली की तोल बसतो.

आरशाबद्दल बोलायचं तर पैसे वसूल आहेत. मेच्या मध्यात रात्री सव्वादहा-साडेदहाला चित्रा मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येते. तिच्या सरळ खाली ३६ अंशांवर ओमेगा सेंटॉरी आहे. जळगावहून तो क्षितिजाच्या सुमारे २१ अंश वर येतो, म्हणजे ध्रुवतारा उत्तरेला जेवढा वर तेवढाच हा दक्षिणेला. उत्तर युरोपातल्या हौशींना जो कधी दिसतच नाही, तो गोलाकार तारकागुच्छ इथे ४८ पटींत कडेपर्यंत तारे सुटे करून दिसतो. खानदेशात ही दुर्बीण असेल आणि एप्रिल-मेमध्ये हे पाहिलं नसेल, तर ताबडतोब पाहा.

पण त्याच दिवसांत इथे दुपारी पारा ४४च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला आरसा अंधार पडला तरी तापलेलाच असतो आणि नळीतून गरम हवा वर येत राहते. गुरू उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो, आणि लोक दोष कोलिमेशनला, म्हणजे आरशांच्या जुळणीला, देतात. दुर्बीण दिवसा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, फरशीवर ठेवावी. सूर्य पूर्ण मावळल्यावर झाकण काढून बाहेर आणावी आणि किमान तासभर तरी १० मिमी नेत्रिकेच्या १२० पटींच्या नादी लागू नये. यूएसबीवर चालणारा कॉम्प्युटरचा छोटा पंखा आरशाच्या मागे रबरबँडने टांगून पॉवर बँकेवर चालवला, तर ही वाट बघणं बरंच कमी होतं. पंखा पत्र्याला टेकला की थरथर येते, तो लोंबताच हवा.

थंडीत दुखणं उलटं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात किंवा गिरणेच्या काठाला मध्यरात्रीनंतर दव पडतं आणि दुय्यम आरसा (नळीच्या तोंडाजवळचा छोटा) धुरकटतो. योगासनाच्या चटईचा एक तुकडा नळीच्या तोंडाला गुंडाळून ३० सेंटिमीटर पुढे काढला की दोन-तीन तास निभावतं. धुरकटलेला आरसा रुमालाने पुसायचा नाही, कधीच नाही.

कोलिमेशनचं भूत नव्या माणसांच्या मनातून काढणं हा सामायिक दुर्बिणीचा सगळ्यात मोठा फायदा, असं आता माझं मत आहे. गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवी नेली तरी आपल्या रस्त्यांवर ती हलतेच. त्यामुळे ज्याच्या घरी पोचते त्याला ती जुळवावीच लागते, आणि वर्षभर हातही न लावणारी माणसं दोन महिन्यांत शिकली. क्रम असा: मधोमध दोन मिलिमीटर भोक पाडलेलं झाकण फोकसरमध्ये (नेत्रिका बसते त्या नळकांड्यात) बसवा. दुय्यम आरशात मुख्य आरशाच्या तिन्ही पकडी दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तरच दुय्यमचे तीन बारीक स्क्रू एल-कीने फिरवा, पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नाही, आणि नळी तेव्हा आडवी ठेवा. चावी सुटली तर ती आरशावर पडता कामा नये. मग मागचे लॉक स्क्रू सैल करून मुख्य आरशाचे तीन स्प्रिंगवाले स्क्रू असे फिरवा की आरशावरची मधली कडी झाकणाच्या भोकाच्या प्रतिबिंबाभोवती बरोबर बसेल. लॉक स्क्रू परत आवळताना आरसा पुन्हा हलतो, म्हणून ते बोटांनी, नुसते टेकेपर्यंत. शेवटी ध्रुवतारा १२० पटींत किंचित फोकसबाहेर नेऊन त्याच्याभोवतीच्या कड्या एकसारख्या आहेत का ते पाहा. ध्रुवच का, तर तो नजरेतून सरकत नाही.

ताऱ्याला तीन टोकं फुटलेली दिसली तर कोलिमेशनला हात लावू नका. आरशावरच्या पकडी कोणीतरी 'सैल वाटल्या' म्हणून आवळलेल्या असतात. आरसा आणि पकड यांच्यात वहीचा कागद सरकेल एवढी फट लागतेच. स्वस्त लेझर कोलिमेटर (जुळणीसाठीचा लेझर) असेल तर आधी तो फोकसरमध्ये गोल फिरवून बघा. ठिपका आरशावर वर्तुळ काढत असेल तर लेझरच वाकडा आहे, त्यावर जुळवलेली दुर्बीणही वाकडीच राहणार.

धूळ इथे भरपूर, काळ्या मातीची आणि उन्हाळ्यात वावटळीची. तरी आरसा वर्षातून एकदापेक्षा जास्त धुवू नये. टॉर्च मारली की कोणताही आरसा घाणेरडाच दिसतो, म्हणून देवघेव दिवसा करायची. धुवायचाच तर सेलसकट काढायच्या आधी नळीवर आणि सेलवर मार्करने खूण करा (इथे सेल म्हणजे आरशाची बैठक, वरचा बटणसेल नव्हे). आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली खडे निघू द्या. मग परातीत कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि मेडिकलमधला शोषक कापूस फक्त स्वतःच्या वजनाने एकाच दिशेने ओढायचा, प्रत्येक ओढीला नवा बोळा. शेवटचं पाणी बोअरचं नको, त्यातले क्षार डाग ठेवून सुकतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर ओता आणि आरसा उभा टेकवून सुकू द्या.

१० मिमी नेत्रिकेला सुरुवातीला मी नावं ठेवली, कारण चष्मेवाल्यांना तिच्यात पापणी काचेला लागेपर्यंत डोळा न्यावा लागतो. काच वाईट नाही, प्लॉसलचा डोळ्याचा पल्लाच तेवढा. दोन पटींची बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) घेतली आणि २५ मिमीवर लावली, तर ९६ पट मिळते आणि चष्मा काढावा लागत नाही. नवी नेत्रिका घेण्यापेक्षा हे स्वस्त पडलं.

पाळ्या आम्ही तिथीवर लावल्या आहेत. अमावस्येच्या मागचा-पुढचा आठवडा अंधाऱ्या जागी जाणाऱ्यांना, शुद्ध सप्तमी ते दशमी शाळा आणि सोसायट्यांना. चंद्र पौर्णिमेला नाही, अष्टमीच्या आसपास दाखवावा. तेव्हा विवरांच्या सावल्या पडतात. वहीत प्रत्येकाने जागा, वेळ, नेत्रिका, काय सापडलं आणि काय नाही ते लिहायचं. 'नाही'ची नोंद जास्त उपयोगी पडते, पुढचा त्याच खांबाच्या दिव्याखाली जाऊन बसत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्याला मिळालेल्या दानाचा १२०७चा शिलालेख तिथे आहे. त्या तालुक्यातल्या शाळांना आम्ही पाळी कधी चुकवत नाही.

बेसबद्दल थोडक्यात: कापलेल्या कडांवर फेविकॉल आणि वर वॉर्निश मारा, नाहीतर दवाने फुगतो. टेफ्लॉनच्या गुट्ट्यांना तेल लावू नका, कोरड्या फडक्याने धूळ पुसा. पावसाळ्यात नेत्रिका घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, नाहीतर काचेवर बुरशी चढते. नारंगी जातीचं जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट असतो, तो स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नये.

वर्गणी काढणार असाल तर सभासद पाच-सहा, आणि सगळे एकमेकांपासून दोन तासांच्या आत. नंदुरबारहून विचारणा आली आहे. तेवढ्या लांब हीच दुर्बीण फिरवण्यापेक्षा त्यांनी स्वतंत्र ६ इंची घ्यावी, वजनाने हलकी आणि तोरणमाळचा घाट चढवायला सोपी. कोलिमेशन शिकवायला आमच्यापैकी दोघं एका रविवारी येतील. झाकण, एल-की आणि कोऱ्या वहीचा खर्च आमच्याकडून.