विकायला काढलेल्या घरातील कपाटे, माळे आणि कोठी: सामान आवरून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

गोव्यात फोंड्याजवळच्या ढवळीचे आमचे घर गेल्या वर्षी विकायला काढले तेव्हा रंगारी ठरला होता, नळाचे काम करणारा ठरला होता आणि एजंटही ठरला होता. ठरले नव्हते ते एवढेच, की १९८८ पासूनच्या सामानाने भरलेली सात कपाटे, दोन माळे आणि स्वयंपाकघराला लागून असलेली कोठीची खोली आवरायची कोणी. भाऊ पुण्याला, मी पर्वरीला आणि घरात एकटी आई, जिच्या मते यातले काहीही टाकण्यासारखे नव्हते. शेवटी पणजीहून येणारी, घरातील सामान निवडून आणि लावून देणारी एक छोटी सेवा आम्ही जुलैमध्ये तीन दिवसांसाठी घेतली. तिचे नाव मी देत नाही, कारण खाली ज्या दोन तक्रारी लिहिल्या आहेत त्यांतील एकीत आमचाही वाटा आहे. तीन बायकांचे तीन दिवसांचे काम अठरा हजार रुपयांना ठरले. झाकणाच्या पेट्या आणि डबे यांचे साडेचार हजार वेगळे पडले. भंगाराचे जे काही आले ते आमचेच राहिले.

पहिल्या दिवशी त्यांनी कपाट उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारला, आणि सगळ्या कामाची दिशा त्यानेच ठरली: घराबरोबर काय जाणार आणि तुमच्याबरोबर काय येणार? भिंतीत बसवलेली कपाटे, कडाप्प्याच्या फळ्या आणि माळे घराबरोबर जातात, म्हणून गिऱ्हाईक ती उघडून पाहणारच आणि त्यात काही उद्धटपणा नाही. गोदरेजचे कपाट मात्र आपले, ते बंद ठेवले तरी चालते. त्यामुळे पहिले दोन दिवस केवळ भिंतीतील जागांवर घालवले गेले. एका वेळी एकच कपाट पूर्ण रिकामे करून सामान हॉलमध्ये पसरलेल्या जुन्या चादरीवर मांडायचे, पर्वरी, पुणे, देऊन टाकणे आणि भंगार असे चार ढीग करायचे, आणि परत लावताना प्रत्येक फळीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा, अशी त्यांची पद्धत होती. काठोकाठ भरलेले कपाट उघडणाऱ्याला आपले सामान दिसत नाही, जागा पुरत नाही एवढेच दिसते. तेच कपाट थोडे रिकामे असले की आत जागा किती आहे हे नजरेला कळते. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण आईच्या खोलीतील कपाट पहिल्याच दुपारी असे लावून झाले तेव्हा ते चार फूट रुंद आहे हे मला आयुष्यात प्रथमच जाणवले.

वेग मात्र आमच्याकडून मंदावला. देवघराखालच्या खणात कापूर, वाती आणि निरांजनाच्या मागे जुन्या कालनिर्णयांची एक जाड गुंडाळी निघाली. प्रत्येक चौकोनात आईचे बारीक अक्षर: दुधाचा हिशेब, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, किती पाव सांगितले, भावाला ताप आला तो दिवस. पथकातील मुख्य बाईंनी, ज्यांना आई दुसऱ्या तासापासून 'बाय' म्हणू लागली होती, ती गुंडाळी कोणत्याही ढिगात न टाकता आईच्या हातात दिली आणि त्या दुसऱ्या कपाटाकडे वळल्या. देवघरही आवरून ठेवावे असे त्यांनी एकदा सुचवले. आईने नकारार्थी मान हलवली, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. अनोळखी माणसाच्या घरात काम करणाऱ्याला एवढी समज असणे मला कौशल्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

खरी कसोटी कोठीच्या खोलीत लागली. गोव्यातील जुन्या वळणाच्या घरात साठवणीची जागा एवढी का असते, हे शहरात वाढलेल्या माणसाला चटकन उमगत नाही. पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांचे पुरुमेंत, म्हणजे खाण्यापिण्याची बेगमी, भरून ठेवण्याची येथील रीत आहे. शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, पण गरज पावसाची. पावसाच्या चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उकडा तांदूळ, सुक्या मिरच्या, चिंच, भिरंडाची (कोकमाची) सोले, कुळीथ, मीठ आणि ज्यांच्याकडे चालते त्यांच्याकडे सुकी मासळी मे महिन्यातच घरात यायची, आणि मडगावला त्यासाठी अजूनही पुरुमेंताची फेस्त भरते. आमच्या कोठीत तांदळाचे तीन पत्र्याचे डबे, चिनी मातीच्या सात भरण्या, एक मोठे पितळी तपेले आणि खाली कोपऱ्यात सोललेल्या नारळांची रास होती. पथकाचा पहिला विचार हे सगळे हलवून तेथे 'युटिलिटी' दाखवण्याचा होता, म्हणजे धुण्याचे यंत्र आणि इस्त्रीची घडवंची. आईने पाऊण तास घेऊन कोणती वस्तू कोणत्या फळीवर का असते ते सांगितले: मिठाची भरणी सर्वांत खाली आणि भिंतीपासून दूर, कारण मीठ ओल ओढून घेते, सोले वरच्या फळीवर, कारण तेथे वारा लागतो. बाईंनी ते ऐकून आपला बेत बदलला. भरण्या चार ठेवल्या, तांदळाचा एकच डबा ठेवला, नारळ न्हाणीघराच्या मागच्या छपरीत गेले, आणि कोठी ही कोठी म्हणूनच, पण अर्धी मोकळी, दिसू लागली. आत दिवा पुरेसा नव्हता. चाळीस वॉटचा पिवळा बल्ब काढून तेथे पांढऱ्या उजेडाची एलईडी नळी लावण्यास त्यांनी सांगितले. तीन दिवसांतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सल्ला.

याच खोलीच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या प्रामाणिकपणाचीही परीक्षा झाली. घर चिऱ्यांचे आहे, आणि चिरा हा सच्छिद्र दगड असल्यामुळे जमिनीतील पाणी भिंतीत वर चढते. गिलाव्यावर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा आलेला होता. एजंटाचे म्हणणे, त्यापुढे एक कपाट सरकवून द्यावे. बाईंनी साफ नकार दिला. गिऱ्हाईक कपाट सरकवून पाहतेच, आणि पाहिले नाही तरी कपाटामागे हवा खेळत नसल्याने पंधरा दिवसांत कुबट वास यायला लागतो, तो लपत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यात कायद्याचीही बाजू आहे: १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने सापडणार नाही असा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने तो सांगितला पाहिजे. आम्ही तेथील गिलावा खरवडून नवा करून घेतला, उरलेली दोन्ही लाकडी कपाटे भिंतीपासून तीन इंच पुढे ओढली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती भिंत आपण होऊन दाखवली. डांबरगोळ्याही त्यांनी सगळ्या काढायला लावल्या. बंद कपाटातून येणारा तो उग्र दर्प आपल्याला स्वच्छतेचा वाटतो. परक्याला मात्र आत काहीतरी दाबून ठेवल्याचा संशय येतो.

आता तक्रारी. माळ्यावरील आठ गोधड्या आणि दोन गाद्या त्यांनी हवा काढून घेण्याच्या प्लास्टिक पिशव्यांत भरल्या. दिसायला तो चमत्कारच होता: अर्धा माळा व्यापणारा गठ्ठा फळीवर एका ओळीत बसला. परंतु जुलैमध्ये फोंड्याची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते, आणि सुती कापूस ती ओल आधीच पिऊन बसलेला असतो. पिशवीतून हवा निघते, धाग्यातील पाणी निघत नाही. ते आतच कोंडून राहते आणि बुरशीला हवी असलेली ओल तिला मिळते. तीन आठवड्यांनी पिशवीच्या कडेने काळे ठिपके दिसू लागले, आणि आजीच्या लुगड्यांची शिवलेली एक गोधडी कायमची गेली. या पिशव्या कोरड्या प्रदेशासाठी ठीक असतील. आपल्याकडे त्या भरायच्याच असतील तर ऑक्टोबर ते मे या काळात, कापड दोन-तीन दिवस कडक उन्हात तापवून. गोव्यात व्यवसाय करणाऱ्यांना हे ठाऊक नसावे, याचे मला अजून आश्चर्य वाटते. कळवल्यावर त्यांनी पिशव्यांचे पैसे परत केले. गोधडीबद्दल त्या फक्त 'सॉरी' म्हणाल्या, आणि त्याहून अधिक काय म्हणणार, हेही खरेच.

दुसरी तक्रार माटोळीची. चतुर्थीला गणपतीच्या वर फळे, कंद आणि रानातील जिनसा बांधण्यासाठी जी लाकडी चौकट छताच्या कड्यांना टांगतात, ती आमच्याकडे आजोबांच्या वेळची आहे आणि वर्षातील साडेअकरा महिने माळ्यावर जुन्या चटईत गुंडाळलेली असते. गुंडाळीवर काही लिहिलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई शेजारी गेलेली, मी फोनवर, आणि यादीत 'जुनी लाकडी जाळी, मोडकी' अशी नोंद होऊन ती भंगाराच्या टेम्पोत चढली. मी त्या यादीवर न वाचता सही केली होती, म्हणूनच वर आमचा वाटा म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याकडून चारशे रुपयांना ती परत आणली; त्याने हसत सांगितले, की चतुर्थीच्या आधी असे एक-दोन लोक येतातच. यात शिकण्यासारखी एक साधी गोष्ट आहे: परक्या माणसाला वस्तूचे माप दिसते, तिचा दिवस दिसत नाही. सणाचे सामान, पाटा-वरवंटा, लग्नातील समया, जे काही वर्षातून एकदाच निघते, ते सेवा येण्याच्या आदल्या रात्री आपण स्वतः एका खोलीत काढून ठेवावे आणि तिला कुलूप लावावे.

कागदांचे काम त्यांनी घेतलेच नाही, आणि ते योग्य केले. जुने कागद एका पेटीत घालून, त्यावर 'कुटुंबाने पाहावे' अशी चिठ्ठी लावून पेटी माझ्यापुढे ठेवली. त्या पेटीतील बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कसर लागलेल्या पासबुकांच्या खाली, घराचे मूळ खरेदीखत आणि पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या. फॉर्म १ व १४ ची, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्याची, ताजी प्रत ऑनलाइन काढता येते, पण हे कागद पुन्हा कोठून आणले असते? गोव्यात विक्रीखतावर नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात, आणि वडील गेल्यामुळे आई, भाऊ-वहिनी, मी आणि माझे यजमान अशा पाच सह्या होत्या. त्यासाठी वारसाचा दस्त आणि त्याला जोडायचे जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले याच पसाऱ्यातून निघाले. घर विकायचे म्हणून कपाटे आवरताना हे लक्षात ठेवावे, की दिखाऊपणासाठी सुरू केलेल्या कामाचा निम्मा फायदा कागद वेळेवर सापडण्यात असतो. सापडलेले कागद, दागिने आणि आईची औषधे मी त्याच दिवशी पर्वरीला नेली, कारण घर पाहायला येणारी माणसे खण उघडणार हे आपणच गृहीत धरलेले असते.

ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये नऊ कुटुंबे घर पाहून गेली. शयनगृहांची कपाटे जवळजवळ सर्वांनी उघडली, माळ्याकडे दोघांनी मान वर करून पाहिले, आणि कोठीत मात्र प्रत्येक घरची बाई थांबली. शिरोड्याहून आलेल्या एका वयस्क बाईंनी कडाप्प्याच्या फळीवर तळहात दाबून ती भरलेली भरणी पेलेल का, एवढेच विचारले. आईने 'सातही पेलल्यात' असे उत्तर दिले आणि त्या दोघी सोलांच्या भावाविषयी बोलत बसल्या. सौदा त्यांच्याशीच झाला. त्याचे श्रेय एकट्या कोठीला देणे बरोबर नाही, घराचा भाव आणि रस्त्यापासूनचे अंतर त्यांना सोयीचे होते. परंतु पथकाने आधी सुचवलेली धुण्याच्या यंत्राची खोली पाहून त्या तेथे एवढा वेळ थांबल्या नसत्या.

तेव्हा ही सेवा घ्यावी का? घरात निर्णय घेणारी दोन माणसे पूर्ण वेळ हजर राहणार असतील, तर जरूर घ्यावी. सामान उतरवणे, निवडणे, पुसणे, मापात लावणे ही कामे त्या बायका घरच्यांच्या चौपट वेगाने आणि न भांडता करतात, आणि भावंडांमध्ये कोणते तपेले कोणी न्यायचे या प्रश्नावर तिऱ्हाईत माणूस समोर असण्याचा फायदा अठरा हजारांत मोजता येणार नाही. घराची चावी देऊन निघून जायचे असेल तर घेऊ नये. पुठ्ठ्याचे खोके त्यांनी आणले तर घेऊ नयेत, वाळवी आणि झुरळे त्यांच्याबरोबर येतात; प्लास्टिकच्या झाकणाच्या पेट्याच मागाव्यात. भंगाराच्या यादीवर वाचून सही करावी.

पर्वरीच्या फ्लॅटमध्ये आईचे सामान लावण्यासाठी आम्ही याच तिघींना पुन्हा बोलावले आहे, डिसेंबरातील दोन दिवसांसाठी. हवा काढण्याच्या पिशव्या आणू नका, असे फोनवर आधीच सांगून ठेवले आहे, आणि माटोळीच्या गुंडाळीवर आईने लाल खडूने मोठ्या अक्षरात नाव लिहिले आहे.