छत रंगवण्यासाठी घेतलेले रोलर, ब्रश आणि काठी

दिवाळीपूर्वी इंदिरानगरमधील आमच्या घराच्या दोन खोल्या स्वतः रंगवायचे ठरवले आणि त्यासाठी रविवार कारंजा परिसरातील एका जुन्या दुकानातून साहित्य आणले. तेथे मला दोनदा जावे लागले, कारण पहिल्या खेपेस मी केवळ किंमत पाहून नऊ इंची रोलर उचलला होता.

त्या रोलरच्या वेष्टनावर लवेची, म्हणजे त्यावरील केसांची, लांबी छापलेली नव्हती. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या थराचा, पहिला हात मारताना छतावर बारीक केस चिकटत गेले. वाळल्यावर नखाने एक केस ओढला, तर त्याच्याबरोबर प्रायमरचा पापुद्राही सुटून आला, आणि तशा प्रत्येक जागी पुट्टी भरून १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासण्यात एक अख्खा रविवार गेला. दुकानदारकाकांनी तो रोलर हातात घेऊन लव उलटी फिरवून दाखवली, तेव्हा बोटांना केस लागले. "पुट्टीच्या गुळगुळीत भिंतीला बारीक लवेचाच घ्या, जाड लव खडबडीत गिलाव्यासाठी असते," असे सांगून त्यांनी साधारण नऊ मिलिमीटर लवेचा मायक्रोफायबरचा रोलर दिला. लांब लव रंग जास्त धरते खरी, पण गुळगुळीत भिंतीवर दाणेदार पोत सोडते. नव्या रोलरवर चिकटपट्टी गुंडाळून ओढून काढली की सुटे केस आधीच निघून येतात, हेही त्यांनीच सांगितले. या रोलरने इमल्शनचे, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे, दोन हात मारले. छतावर एकही केस राहिला नाही.

काठीबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन. प्लॅस्टिकच्या खटक्याची सरकती काठी वर छताकडे जोर दिला की आत घसरते, आणि रंगाने जड झालेला रोलर खाली येतो. म्हणून पिळून घट्ट होणारी अ‍ॅल्युमिनियमची काठी घ्यावी आणि रोलरच्या मुठीतील आटे तिला बसतात का, हे दुकानातच फिरवून पाहावे. माझे छत अशाच काठीने स्टुलावर न चढता पूर्ण झाले.

कोपऱ्यांसाठी दोन इंची ब्रश पुरतो, पण तो कृत्रिम तंतूंचा असावा. नैसर्गिक केस पाण्याच्या रंगात पाणी पितात, मऊ पडतात आणि रेघ फाकते. छत व भिंतीच्या सांध्यावर ब्रशने काढलेली पट्टी ओली असतानाच रोलर जवळपर्यंत आणला, तर जोड दिसत नाही. छताचा शेवटचा हात खिडकीकडून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने ओढल्यास रोलरच्या खुणा कमी जाणवतात.

ट्रे मी दुसऱ्यांदा घेणार नाही. छताला रंग लावताना तो सतत पायाखाली येतो. जाळी लावलेली बादली बरी. रोलर त्याच संध्याकाळी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन उभा वाळवला असून आता स्वयंपाकघरासाठी तोच वापरणार आहे.