रॉस बेटावरील पवनचक्क्या: थंडीसाठी निवडलेल्या यंत्रणेचे परीक्षण

अंटार्क्टिकातील रॉस बेटावर न्यूझीलंडचा स्कॉट बेस आणि अमेरिकेचा मॅकमर्डो हे दोन तळ शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या जवळच्या क्रेटर हिल या टेकडीवर न्यूझीलंडच्या मेरिडियन एनर्जीने एनरकॉन या जर्मन कंपनीच्या ‘ई-३३’ जातीच्या तीन पवनचक्क्या उभारल्या आणि जानेवारी २०१० मध्ये त्या पूर्णपणे कार्यान्वित झाल्या. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत काही वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला ३३० किलोवॅटची पवनचक्की आज किरकोळ वाटते. पण जिथे मालवाहू जहाज उन्हाळ्यातच पोहोचते आणि मोठी क्रेन सहज मिळत नाही, तिथे हा लहान आकारच या निवडीचा पहिला गुण ठरतो.

दुसरा आणि माझ्या मते सर्वांत मोठा गुण म्हणजे या यंत्रात गिअरबॉक्स, म्हणजे पात्यांची मंद गती जनित्रासाठी वाढवणारी दातेरी चाकांची पेटी, नाही. पात्यांच्या आसावरच मोठ्या व्यासाचे जनित्र बसवलेले असल्यामुळे कडाक्याच्या थंडीत घट्ट होणाऱ्या गिअर-तेलाचा आणि ते सतत ऊबदार ठेवण्याचा प्रश्नच निकालात निघतो. बिघडलेला गिअरबॉक्स उतरवण्यासाठी आम्ही पठारावर क्रेनची वाट पाहत घालवलेले दिवस आठवले, की अंटार्क्टिकात याच कामासाठी पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागली असती, या विचारानेच धसका बसतो.

पायाचे काम मात्र मला यंत्राहूनही अधिक आवडले. बारमाही गोठलेल्या जमिनीत जागेवर काँक्रीट ओतले, तर एकीकडे ते गोठण्याची भीती आणि दुसरीकडे ते घट्ट होताना निघणाऱ्या उष्णतेने भोवतालची जमीन सैल होण्याची भीती. म्हणून आधीच तयार केलेले काँक्रीटचे ठोकळे नेऊन ते पोलादी सांगाड्याने जोडण्यात आले. विजेची जोडणीही तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. न्यूझीलंडची वीज ५० हर्ट्झची आणि अमेरिकेची ६० हर्ट्झची असल्यामुळे दोन्ही तळांच्या मध्ये वारंवारता बदलणारी यंत्रणा बसवावी लागली, आणि वाऱ्याच्या झोतांमुळे डिझेल जनित्रांना बसणारे हिसके शोषून घेण्यासाठी फिरत्या जड चाकात ऊर्जा साठवण्याची सोय केली गेली.

थंडी वाऱ्याला बळही देते, हे खरेदीदाराने विसरू नये. उणे ४० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास चोवीस टक्के जड असते, त्यामुळे त्याच वेगाच्या वाऱ्यात पात्यांवर तेवढा अधिक भार येतो आणि पात्यांचा कोन वेळीच वळवणारे नियंत्रण चोख असावे लागते. फायदा मोजायचा, तर या तीन यंत्रांमुळे वर्षाला सुमारे ४ लाख ६३ हजार लिटर डिझेल वाचेल असा अंदाज होता. दोन्ही तळांच्या एकत्रित मागणीचा हा साधारण ११ टक्के हिस्सा होता. म्हणजे डिझेलची जनित्रे सुटली नाहीत, फक्त त्यांची तहान थोडी भागली.

सावधगिरीचा मुद्दाही नोंदवला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळावर २००३ पासून चालणाऱ्या ‘ई-३०’ जातीच्या दोन पवनचक्क्यांपैकी एकीचा माथ्याचा भाग नोव्हेंबर २०१७ मध्ये खाली कोसळला. कुणालाही इजा झाली नाही, पण दुसरीही खबरदारी म्हणून बंद करावी लागली आणि तळाला वीज पुन्हा डिझेलवरच काढावी लागली. त्यामुळे अशा ठिकाणी पवनचक्की घेणाऱ्याने पूर्ण मागणी भागवू शकणारी डिझेल जनित्रे मोडीत काढू नयेत.

रॉस बेटाची थंडी कोरडी आहे. स्वीडन किंवा कॅनडातील क्विबेकमध्ये ओलसर ढगांमुळे पात्यांवर बर्फाचे थर चढतात, पात्यांचा आकार बिघडून उत्पादन घटते आणि सुटलेले तुकडे दूरवर भिरकावले जातात. तिथे हेच यंत्र घ्यायचे असेल, तर पात्यांच्या पोकळीतून गरम हवा फिरवण्याची सोय जोडल्याशिवाय मी त्याची शिफारस करणार नाही.