द्राक्षाचे 3,65,100 रुपये बुडाले. चेक घेण्याआधी हे वाचा

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण म्हणतो. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या बाबतीत ते खरं ठरत नाही, कारण ठेच लागलेला माणूस लाजेने तोंडच उघडत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे व्यापारी माल उचलून पळतो आणि पुढच्या हंगामात तीच पद्धत शेजारच्या गावात चालते. म्हणून रकमेसकट लिहितो.

भाव 35 रुपये किलो, इसार 50,000. पहिली तोड 2,400 किलोची, 84,000 रुपये बांधावर रोख. दुसरी 3,100 किलो, 1,08,500 रुपये दुसऱ्या दिवशी खात्यात. हे पैसे विश्वास बसवण्यापुरतेच असतात. तिसऱ्या तोडीत उरलेली सगळी बाग गेली, 11,860 किलो, म्हणजे 4,15,100 रुपये. इसार वजा जाता 3,65,100 चा चेक हातात, तोही पुढच्या तारखेचा. चेक परत आला. फोन बंद, गाळ्याला कुलूप.

कळायला हवं होतं ते त्या चेकवरच. काट्याच्या चिठ्ठीवर एक फर्म, चेकवर दुसरीच, खाली सही तिसऱ्याची. "पार्टनरचं खातं आहे, दादा." ज्याने बाग फिरून बघितली, भाव तोडला, त्याचं नाव एकाही कागदावर नाही! आणि चेक न वटल्याचा, म्हणजे चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 चा खटला चालतो ज्याच्या खात्याचा चेक त्याच्यावर. पण तेव्हा आभाळ भरून आलेलं, माल पिकून तयार. एक सर आली की मणी तडकतात आणि 35 चा माल 10 ला कोणी विचारत नाही. "चेक घेतलाच कसा" म्हणणाऱ्यांनी मार्चात घड वेलीवर राखून दाखवावेत.

बाजार समिती म्हणते, सौदा आवारात झाला नाही, आमचा संबंध नाही. 2016 मध्ये फळं-भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त केला, त्यात मोकळा सुटला तो व्यापारी. पोलीस ठाण्यात ठरलेलं उत्तर, "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." अर्ज ठेवून घेतात, पोच मागितली की साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक गेलं तरी ती दिवाणी बाब! पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही हालचाल नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेलीच पाहिजे. "थोडं थांबा, देतो" करत तो हेच 30 दिवस खातो. नोटीस पोचल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस, नंतर आपल्याला कोर्टात तक्रारीला एक महिना. व्यापारी बाहेरचा असला तरी त्यासाठी परराज्यात जावं लागत नाही. 2015 च्या दुरुस्तीनंतर आपलं खातं ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात खटला चालतो.

शेवटची तोड सर्वात मोठी ठेवू नका. गाडी भरण्याआधी पैसे खात्यात, मग काटा. आधार, गाडीचा नंबर, चालकाचा फोटो घ्या.

तुमच्याकडेही असा परत आलेला चेक पडून असेल तर मेमो घेऊन पुढे या. एकाच माणसाने अनेकांना तसंच गंडवलं हे दिसलं, की सुरुवातीपासून फसवायचाच इरादा होता हे मांडता येतं. भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 साठी तेच लागतं, मग दिवाणी बाब म्हणून हाकलणं पोलिसांना अवघड जाईल.