नेरूळच्या टर्फ कॅन्टीनमध्ये आफ्कॉन बघितली, नऊ रात्रींचा रिव्ह्यू

आधी मुद्द्याचं सांगते. नवी मुंबईत रात्री दीड वाजता आफ्कॉनची, म्हणजे आफ्रिका कप ऑफ नेशन्स या आफ्रिकन देशांच्या फुटबॉल स्पर्धेची मॅच मोठ्या पडद्यावर बघायची तर मला ही एकच जागा सापडली, नेरूळला टर्फला लागून असलेलं पत्र्याचं कॅन्टीन, पंचवीसेक खुर्च्या, एक प्रोजेक्टर आणि काउंटरवर एक काका. १३ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२४ आयव्हरी कोस्टमध्ये स्पर्धा चालली, त्यातल्या नऊ रात्री मी आणि दादा तिथे होतो.

वाशीला दोन-तीन कॅफेंत आधी विचारून आले होते. इंग्लंडची प्रीमियर लीग असली की तिथे टेबल मिळत नाही पण आफ्कॉन म्हटलं की उत्तर काय, "ताई ती कोण बघणार?" आणि तिथल्या टेबलांवर विषय एकच, स्टार खेळाडू सालाह नाही तर त्याच्या लिव्हरपूल क्लबचं कसं होणार. अरे तो इजिप्तकडून खेळायला गेलाय, घानाच्या मॅचमध्ये हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरून बाहेर पडला, त्या मॅचमध्ये काय झालं ते कोणालाच विचारावंसं वाटत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. २-२ झाली ती मॅच आणि त्याच ग्रुपमध्ये केप व्हर्दे पहिली आली, घाना घरी गेली. मॉरिटानियाने अल्जेरियाला हरवलं, त्यांचा या स्पर्धेतला पहिलाच विजय. एवढं सगळं चाललेलं असताना टीव्हीवर मागच्या आठवड्याच्या हायलाइट्स!

काकांच्या कॅन्टीनमध्ये मात्र दारातच फळा, त्यावर खडूने सहाही ग्रुपचं टेबल, मराठीत, आणि रोज पुसून नवीन लिहिलेलं. पहिल्या रात्री मी त्यांना विचारलं तुम्हाला याची आवड कशी लागली, तर म्हणाले डी वाय पाटील स्टेडियमला २०१७ ला फुटबॉलच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची सेमीफायनल बघितली होती, माली आणि स्पेन. मी पण होते त्या मॅचला! स्पेन ३-१ जिंकली पण मालीच्या डुकुरेचा शॉट बारला लागून गोललाइनच्या आत पडला होता आणि गोल दिला नाही, काकांना ते अजून सहन होत नाही, मला पण नाही. तिथून आमचं जमलंच.

आता ३ फेब्रुवारीच्या शनिवारची रात्र, कारण या जागेची खरी परीक्षा तीच. साडेदहाला माली विरुद्ध आयव्हरी कोस्ट. यजमान आयव्हरी कोस्ट ग्रुपमध्ये इक्वेटोरियल गिनीकडून ०-४ हरलेली, कोच बदललेला, तिसऱ्या नंबरवरून कशीबशी पुढे आलेली. हाफटाइमच्या आधीच त्यांना रेड कार्ड, मग मालीच्या दोर्जेलेसचा गोल, आम्ही सगळे मालीवाले उभे. नव्वदाव्या मिनिटाला आयव्हरी कोस्टच्या अडिंग्राने बरोबरी केली आणि एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी त्यांच्याच डियाकितेचा गोल, माली बाहेर. काका दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग उठून सगळ्यांना चहा दिला, पैसे घेतले नाहीत. श्वास घेतोय तोवर दीडला दक्षिण आफ्रिका आणि केप व्हर्दे, ०-० राहिली, पेनल्टी, आणि दक्षिण आफ्रिकेचा गोलकीपर रॉनवेन विल्यम्सने त्या शूटआउटमध्ये चार अडवल्या, चार! पहाटेचे चार वाजत आले होते, हॉलमध्ये बाराच माणसं पण काय ओरडलो असू. तेवढ्यात बाहेरून वॉचमन आला आवाज कमी करा सांगायला, तोही शेवटची पेनल्टी बघूनच गेला.

खाण्याचं सांगते. बुर्जी पाव एक नंबर, पाव तव्यावर बटर लावून कुरकुरीत करतात आणि बुर्जीत कोथिंबीर भरपूर. मॅगी ठीक. वडापाव अकरानंतर मागू नका, सकाळचे वडे परत तळलेले असतात. सीटचे दीडशे रुपये, त्यात दोन कटिंग.

त्रास पण आहेत. स्ट्रीम खऱ्या मॅचच्या थोडा मागे चालतो, फोनवर स्कोअर आधी कळतो, म्हणून काका मॅच सुरू झाली की मोबाइल खिशात ठेवायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. मागच्या दोन रांगांतून खांब आडवा येतो. डास भयंकर, फुल पँट घालून जा. शेजारी सोसायटी असल्यामुळे रात्री आवाज अगदी बारीक, कॉमेंट्री पुढे बसलात तरच ऐकू येते. लेडीज वॉशरूम टर्फच्या ऑफिसच्या मागे आहे, स्वच्छ असतं पण तिथला दिवा दोनदा बंद होता, सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी नवीन लावला. परतताना रिक्षा मिळत नाही, आम्ही बाइकवर जायचो. मुलगी म्हणून मला तिथे एकदाही अवघडल्यासारखं वाटलं नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण पहाटे चारपर्यंत बसायचं म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न तोच विचारला होता.

नायजेरिया विरुद्ध आयव्हरी कोस्ट फायनलला, म्हणजे आपल्याकडे सोमवार उजाडताना, नायजेरियाची हिरवी जर्सी घातलेली चार मुलं आली होती. नायजेरियाच्या ट्रूस्ट-एकोंगचा हेडर गोलमध्ये गेला तेव्हा त्यांनी काकांना मिठीच मारली. मग आयव्हरी कोस्टच्या केसीने बरोबरी केली, आणि ८१व्या मिनिटाला त्यांच्याच हालेरचा गोल. २०२२ ला कॅन्सर निघाला होता त्याला, दोन ऑपरेशन्स, केमो, आणि आता पाय पुढे काढून फायनलचा गोल. माझ्या मावशीची केमो त्याच्या आदल्या वर्षी झाली होती, तो गोल बघताना मला रडू आवरेना आणि त्या चौघांपैकी एकाने, टीम हरत असताना, पाण्याची बाटली पुढे केली. २-१ संपली, मग सगळ्यांनी मिळून खुर्च्या उचलल्या.

त्यानंतरची स्पर्धा मोरोक्कोत ठरली होती आणि काका तेव्हा म्हणाले होते दाखवणार. फोनवर बुकिंग नाही, संध्याकाळी सातनंतर जाऊन काउंटरवरच्या वहीत नाव लिहायचं, आणि खांबाच्या डावीकडची सीट मागा.